भांडायला कुणी परत आलं नाही

सोमवार, ३ ऑक्टोबर

इस्तंबूलला पोचलो. विमानतळावर माझ्या नावाची पाटी धरून माणूस उभा होता. नुसतं हिकमत नाही, ‘हिकमत बेय’! डुइसबुर्गमध्ये छत्तीस वर्षं काढली, बोरेकची, म्हणजे सारण भरलेल्या पापुद्र्यांची, तीन दुकानं उभी केली, पण माझ्या नावाची पाटी आजवर मीच लावत आलो, तीसुद्धा शिडी स्वतःच धरून. ड्रायव्हरने आरशातून माझ्या टकलाकडे पाहिलं आणि म्हणाला, दादा, घोर नको, याहून ओसाड माळ आणलेत मी या गाडीतून, जाताना बागा होऊन गेलेत. हसलो. असा माणूस माझ्या गल्ल्यावर हवा होता.

खोली दवाखान्यातच, पाचव्या मजल्यावर. पलंग स्वच्छ, खिडकीखाली न्हाव्याचं दुकान, शेजारी चहावाला. न्हाणीघरात आरसा नाही. इथली सगळी व्यवस्था पाहणाऱ्या त्युलायबाई म्हणाल्या की दहा दिवस आपलं आपल्याला पाहायचं नाही, नवरीला नाही का लपवून ठेवत, तसं.

ही वही मुलीने, नाझानने, दिली होती. म्हणाली, बाबा, तुम्ही जगाशी गप्पा मारता पण मनातलं कुणाला सांगत नाही, निदान वहीला सांगा. तर सांगतो. मी इथे नेजदेतमुळे आलो. नेजदेत माझा साडू. मागच्या सप्टेंबरात सुट्टीवर म्हणून गेला आणि डोकंभर काळे केस घेऊन परतला. मेव्हणीच्या मुलीच्या साखरपुड्यात माझ्या बायकोने, शुक्रानने, सगळ्यांदेखत त्याच्या केसांतून बोटं फिरवली. म्हणाली, माशाल्ला भाऊजी, दहा वर्षं मागे गेलात की! मग माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी उरलेल्या बोरेककडे गिऱ्हाईक पाहतं ना, तसं.

बरं, केसांवर भागलं असतं तर ठीक. पण परतल्यापासून तो ताटं उचलतो. मेव्हणीला, मुअल्लाला, दिवस कसा गेला म्हणून विचारतो. बायकांत दुसरा विषय नाही. मी शुक्रानला म्हटलं, त्याने डोक्यावर केस लावलेत, डोक्यात काही लावलेलं नाही. ती म्हणाली, मग तू डोक्यात लावून ये.

कुठे केलंस म्हणून साडूला विचारणं म्हणजे साडूपुढे मान तुकवणं. मी त्याच्या न्हाणीघरात शाम्पूची बाटली पाहिली, तिच्यावर दवाखान्याचं नाव होतं. झालं काम. घरी सांगितलंय की वडिलांच्या जमिनीच्या भानगडीसाठी चोरुमला गावी चाललोय. एकदम डोकंच दाखवीन सगळ्यांना, नेजदेतपेक्षा दाट.

मंगळवार, ४ ऑक्टोबर

पीठ घ्यायचं तर पोत्यात कोपरापर्यंत हात घालावा आणि तळचं पीठ काढून चावून पाहावं. वरचं पीठ सगळ्यांचंच पांढरं असतं. त्या हिशेबाने आज दिवसभर दवाखाना चावून पाहिला.

सकाळी आरोग्य खात्याच्या कचेरीत. कारकुनाने माझं बोलणं ऐकलं आणि शेजारच्याला म्हणाला, आला बघ, जर्मनीचं पाणी प्यायलेला, आता आपल्यालाच तपासणार. माझे कान तिखट आहेत हे त्याला कुठून ठाऊक. मी म्हटलं, साहेब, पाणी तिकडचं असलं तरी टक्कल इथलंच आहे. हसला, आणि नोंद काढून दाखवली. परवाना खरा, मुदतीतला. शल्यगृहाची तपासणी झालेली. तक्रार एकही नाही.

मग विद्यापीठाला फोन. डॉक्टर रुश्तू तिथूनच पास झालेत. पदवी भिंतीवर आहे तीच, सालही तेच. दुपारी ते स्वतः भेटले. हात पाहिले मी त्यांचे, कणीक लाटणाऱ्या चांगल्या उस्तादाचे असतात तसे, जराही न हलणारे. माझं डोकं दुसऱ्या कुणी नाही, त्यांनीच करायचं, हे मी लिहून घेतलं. पुष्कळ ठिकाणी दाखवायला एक डॉक्टर आणि कापायला दुसराच असतो म्हणे. त्यांनी मुकाट्याने सही केली. हाताखाली इलहामी नावाचा एकजण असतो. फार अदबीचा. भुवया नाहीत, पापण्या नाहीत. लहानपणच्या तापाने गेल्या, म्हणाला.

शेवटी खालच्या व्हेहबी न्हाव्याकडे गेलो. कागद काय, कागद छापता येतो. दुकानदाराची खरी पदवी शेजारच्या दुकानदाराच्या तोंडी असते. व्हेहबीने चहा मागवला, माझ्या गालांवरून वस्तरा फिरवला आणि म्हणाला, उस्ताद, नऊ वर्षं समोर बसलोय, या दारात भांडायला परत आलेला एक माणूस दाखवा, मी हे दुकान तुमच्या नावाने करतो.

नऊ वर्षांत एकसुद्धा नाही! माझ्याकडे रोज एकजण मिठावरून भांडून जातो. खरं लिहितो, मला त्या दवाखान्याचा हेवा वाटला.

बुधवार, ५ ऑक्टोबर

जुन्या रुग्णांशी बोलायचंय म्हटलं. त्युलायबाईंनी हसतहसत तीन नंबर दिले.

पहिला व्हिएन्नाचा, टॅक्सीवाला. डॉक्टर म्हणजे देवमाणूस, म्हणाला. दुसरा रॉटरडॅमचा. त्याचंही तेच. तिसरा कलोनचा, आणि तो बोलायला लागला तशी मला गंमतच वाटली. ‘स’ म्हणताना त्याच्या दातांतून शीळ निघायची. अगदी नेजदेतसारखी! वीस वर्षं दर शनिवारी साडूबरोबर सोंगट्यांचा डाव मांडलाय, त्याच्या पुढच्या पडक्या दाताची ती शीळ मी झोपेतही ओळखीन. मग लक्षात आलं की केस लावून आल्यापासून नेजदेतची शीळ बंद आहे. म्हणजे दातही बसवून घेतला शहाण्याने, आणि बोलला नाही!

मी या माणसाला विचारलं की डॉक्टरांनी स्वतः केलं का. त्याने भलतंच विचारलं, तुझ्या घरी कोण कोण आहे, आणि तुझ्यावाचून त्यांचं अडतं का. मी म्हटलं, हा कसला सवाल. तो म्हणाला, तू — आणि त्याच्या मागे कुठेतरी घंटी वाजली, दोन सूर, दुसरा जरा बसका. लगेच घाईघाईने म्हणाला, छान आहे, सगळं फार छान आहे. फोन ठेवला.

जळतात लोक. आपल्याला केस मिळाले की दुसऱ्याला मिळू नयेत असं वाटतं. मला हे कळतं, कारण मीही तसाच आहे. सगळे कागद सही करून दिले. उद्या सकाळी आठला.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

लिहितोय, पण हाताला जोर नाही.

झालं ते असं. कोट, फोन, पासपोर्ट कुलपात ठेवून घेतलं. टेबलावर पालथं निजवलं. डॉक्टर रुश्तू आले, सुया त्यांनीच दिल्या, पट्टी धरल्यासारखी रेघ त्यांनीच आखली. शब्द पाळला. सुईने मेंदू सुन्न होत असताना इलहामी माझ्या कानाशी वाकला. म्हणाला, उस्ताद, तुमचा काही हक्क राहिला असेल तर सोडलात ना?

देणंघेणं, रागलोभ सगळं माफ केलंत ना, एवढाच त्याचा अर्थ. आता हे आमच्यात कोण विचारत नाही? गाव सोडताना विचारतात, नोकरी सोडताना विचारतात, इस्पितळाच्या दारात तर हमखास. आणि उत्तरही एकच असतं, ते जिभेवरच असतं. मी म्हटलं, सोडला. हक्क कसला, कुणावरचा, हे कोण विचारत बसतं! कुणी सलाम केला तर आपण त्याला कारण विचारतो का?

त्याने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, सोडला बाबा.

त्याने तिसऱ्यांदा विचारलं. तोपर्यंत जीभ जड झाली होती, पण तिसरा ‘सोडला’ माझ्याच तोंडून बाहेर पडलेला मी ऐकला. आणि झोपेत शिरताशिरता आठवलं की तीनदा विचारतात ते फक्त एका ठिकाणी. मशिदीच्या अंगणात, जनाज्यापुढे. आणि तिथे उत्तर देणारे जिवंत असतात. मेलेला नाही.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

डोकं भुवयांपर्यंत बांधलेलं. दिवसभर ग्लानी. फोन मागितला, त्युलायबाई म्हणाल्या उद्या. आवाजातली साखर जरा कमी झालीय. ‘हिकमत बेय’ म्हणाल्या नाहीत. काहीच म्हणाल्या नाहीत.

सूप आलं. चव नाही.

शनिवार, ८ ऑक्टोबर

दुपारी व्हरांड्यात घंटी वाजली. दोन सूर, दुसरा बसका. लिफ्टची घंटी ती. इथल्याच लिफ्टची. मग तो कलोनवाला बोलला कुठून?

दार उघडून पाहिलं. लिफ्टपुढे पाठमोरा माणूस उभा. अंगात माझा कोट. माझाच, बाहीचं बटण शुक्रानने तपकिरी दोऱ्याने शिवलंय. उभं राहायची तऱ्हा माझी, तीस वर्षं तबकं वाहून खाली आलेला डावा खांदा माझा. आणि डोक्यावर केस. काय केस! दाट, काळे, मानेवर जरासे वळलेले.

खोटं कशाला लिहू? पहिल्यांदा भीती वाटली नाही. पहिल्यांदा पोटात जळलं. हे मला का नाही.

मग तो वळला. चेहरा माझा. गिऱ्हाईक जाताना मी जसा हसतो तसा माझ्याकडे पाहून हसला, आणि दार मिटलं.

ओरडलो. परिचारिका आली, पेला ठेवला, माझ्या खांद्यावरून भिंतीकडे पाहिलं आणि गेली.

रविवार, ९ ऑक्टोबर

पट्टी मीच सोडली. हात फिरवला.

काही नाही. केस लावलेले नाहीत. होते तेही नाहीत, कानामागची झालर गेली. भुवया नाहीत. पापण्या नाहीत. खिडकीच्या काचेत पाहिलं तर कणकेच्या गोळ्याला दोन बोटं खुपसावीत तसं काहीतरी —

कुणी अडवत नाही. जिना उतरून सरळ रस्त्यावर आलो. व्हेहबीच्या दुकानात शिरलो. मंगळवारी याच खुर्चीत बसून याच्या हातून दाढी करून घेतली, याचा चहा प्यालो. म्हटलं, व्हेहबी, मी हिकमत, डुइसबुर्गचा. त्याने मला नीट निरखून पाहिलं आणि म्हणाला, वरच्या दवाखान्यात नवीन लागलास का रे? हिकमतउस्ताद तर काल गेले, मिठी मारून गेले, राजा माणूस. मग गिऱ्हाइकाला म्हणाला, बघितलंस, याही खेपेला माणूस खूश होऊन गेला.

चहावाल्याने माझ्यापुढे पेला ठेवला नाही. मी हात पुढे केला तरी नाही. पोलिसाशी बोललो. तो ऐकत होता, मग मध्येच दुसऱ्याशी बोलायला लागला, जसं मी बोलायचं थांबलोच होतो.

माझं कुणाकडे काही निघतच नाही आता. मीच सोडलं.

परत वर आलो. जाणार कुठे?

सोमवार, १० ऑक्टोबर

चौथ्या मजल्यावर एक लांब खोली आहे. टेबलं, टेबलांवर फोन. पाच-सहा माणसं, सगळी गुळगुळीत, एकमेकांसारखी. इलहामी माझ्यासाठी खुर्ची ओढून उभा होता. अजूनही अदबीने.

कोपऱ्यातून शीळ आली.

म्हटलं, नेजदेत.

तो रडला. भुवया नसलेला माणूस रडताना कसा दिसतो ते लिहवत नाही. म्हणाला, फोनवर तुला ओळखलं होतं रे, तोंडातून शब्दच फुटेना, गिऱ्हाइकाला सावध करायला गेलं की इथे फुटतच नाही, ‘छान’ एवढंच फुटतं. मी विचारलं, मग तिकडे मेव्हणीच्या घरी वर्षभर आहे तो कोण? तो म्हणाला, मी जे सोडलं त्याचा बनलेला कुणीतरी.

म्हणजे मी वर्षभर ज्याच्यावर जळत होतो तो नेजदेत नव्हताच.

आणि तू इथे आलास कशाला, म्हटलं, तुला काय कमी होतं? तो म्हणाला, साडू, तुझी तीन दुकानं. सणाला सगळे तुझ्याच घरी. सासूबाई जाईपर्यंत ‘माझा हिकमत, माझा हिकमत’ करायच्या. टकला असून तुझा एवढा मान, तर मी केस लावले की काय होईल, या हिशेबाने आलो.

दोघे हसलो. मग हसू थांबेना. मग ते हसू नव्हतंच.

सुटका आहे, म्हणतो. एकच. घरच्या माणसाने म्हणायचं की मी माझा हक्क सोडत नाही, मला तोच पाहिजे, जुना. तेवढं बोललं की हा तिथे, तो इथे.

तू मुअल्लाला फोन केला नाहीस?

केला, म्हणाला. ती मला ओळखून म्हणाली, नेजदेत, जिथे आहेस तिथे सुखी राहा.

मंगळवार, ११ ऑक्टोबर

शुक्रानला फोन लावला. नंबर तेवढा पाठ.

मी म्हणालो, मी हिकमत. ती खळखळून हसली. म्हणाली, कोण रे हा चावट, हिकमत माझ्यासमोर कांदा चिरतोय! आणि त्याला ओरडून सांगितलं, अगं बाई, बघ तुझी नक्कल करतंय कुणीतरी.

मागे तो हसला. माझं हसू. पण माझ्याहून बरं.

हिकमत कांदा चिरतोय. सत्तावीस वर्षांत मी घरात सुरी धरली नाही, म्हणायचो दुकानात धरतो तेवढी पुरे.

आणि तिचा आवाज — असा तिचा आवाज मी लग्नाच्या वर्षी ऐकला होता. मग विसरलो होतो. तो आवाज आत होता. कुठेतरी होता. त्याच्यासाठी बाहेर आला.

घाबरायला हवं मी. पण जळतोय. स्वतःवरच.

बुधवार, १२ ऑक्टोबर, सकाळ

नेजदेत म्हणतो तिला असं काही सांग जे फक्त तुलाच ठाऊक. मी म्हटलं त्यालाही सगळं ठाऊक असणार. नेजदेत म्हणाला, तू सोडलंस तेवढंच त्याला मिळालं. जे सोडवलं नाही ते सांग.

विचार करतोय. काय सोडवलं नसेल —

हेवा. हेवा मी सोडला नाही. तो अजून इथेच आहे, पोटात.

बुधवार, दुपार

लावला. तो दुकानात गेलाय, ती एकटी. फोन ठेवू नकोस म्हटलं. साखरपुडा सांगितला. तू भाऊजींच्या केसांतून बोटं फिरवलीस, आणि त्या रात्री मी तुझ्याशी बोललो नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, अकरा दिवस नाही. तू मोजलेस की नाही ठाऊक नाही, मी मोजले —

तिकडे नळ बंद झाला.

मग म्हणाली, हिकमत?

ओळखलं. ओळखलं तिने! फोन कानाखांद्यात दाबलाय, नेजदेतचा हात मी घट्ट धरलाय, दुसऱ्या हाताने लिहितोय —

सगळं सांगितलं. मध्ये एकदाही हसली नाही. म्हणाली, घरी आल्या दिवशीच मला वाटलं होतं. तो रुसत नाही. कशावरच नाही. अकरा दिवस रुसेल तो माझा हिकमत.

म्हटलं, मग बोल. म्हण, हक्क सोडत नाही. एवढंच.

ती म्हणाली, म्हणते. पण आधी एक. हा रोज मला काहीतरी विचारतो, दिवस कसा गेला, गुडघा कसा आहे, रोज. तू सत्तावीस वर्षांत विचारलं नाहीस. आता विचार. एकदा. काहीही विचार मला, हिकमत, माझं. मग म्हणते.

नेजदेत खुणावतोय, गुडघा, गुडघा विचार —

विचारणारच होतो. देवाशपथ, गुडघ्याचंच तोंडावर होतं. तोंड उघडलं. आणि बाहेर पडलं ते —

त्याचे केस नेजदेतपेक्षा दाट आहेत का गं?

तिचा श्वास ऐकू येतोय. माझे कान —

नेजदेतने हात सोडवून घेतला.

शुक्रान, थांब, तसं नाही, गुडघा, तुझा गुडघा —

ती रडतेय. म्हणतेय, आहेत रे. दाट आहेत. जा. माझा तुझ्यावर जो काही हक्क होता तो मी सो